साइड व्हॉल्व्ह जीपचं इंजिन घरीच बांधायचंय, काय बाहेर द्यावं?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या मळ्यात आजोबांची १९५० ची विलीज सीजे-३ए जीप आहे. पत्र्याच्या शेडमध्ये असल्याने बॉडी बरी आहे, पण इंजिन जाम. वडील सांगतात, वॉटर पंप गळायला लागला म्हणून उभी केली ती राहिलीच. इंजिन मूळचंच आहे, चार सिलिंडर, साइड व्हॉल्व्ह.

बुलेट आणि ट्रॅक्टरची बारीकसारीक कामं मी घरी करतो. पाने, सॉकेट, चेन ब्लॉक सगळं आहे. गावातला मिस्त्री म्हणतो, "द्या इकडं, लायनर-पिस्टन बदलू, हेड फेस (मशीनवर सपाट) करू, आठ दिवसांत गाडी दारात." दुसरा म्हणतो, ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन टाका आणि मोकळे व्हा. मला इंजिन हेच ठेवायचंय आणि जमेल तेवढं स्वतः करायचंय. सुरुवात कुठून करू? लेथवाल्याकडे काय द्यावं? पार्ट कुठं मिळतील? खर्चाला ना नाही, पण एकच खर्च दोनदा नको.

थाऊमास्तर
मिस्त्री लायनर बदलू म्हणाला, तिथंच थांबा. या इंजिनाला मुळात लायनर, म्हणजे सिलिंडरमध्ये बसवायच्या वेगळ्या नळ्या, नाहीत, बोअर (सिलिंडरचं भोक) थेट ब्लॉकमध्ये कापलेला आहे. आधी कुणी तशा नळ्या (स्लीव्ह) ठोकल्या असतील तर गोष्ट वेगळी.

तुमचं इंजिन एल-१३४, म्हणजे 'गो डेव्हिल'. विलीजच्या बार्नी रूसने जुन्या चार सिलिंडर इंजिनावर मेहनत घेऊन ते ६० हॉर्सपॉवरला नेलं, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जीपलाही हेच होतं. बोअर ३ इंच १ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), स्ट्रोक ४ इंच ३ सूत, कॉम्प्रेशन फक्त ६.४८. लांब स्ट्रोकचं, सोशिक इंजिन आहे. घरी बांधायला यापेक्षा सोपं मिळणार नाही, पण अट एकच: ब्लॉक शाबूत आहे हे कळेपर्यंत एक रुपयाचा पार्ट घ्यायचा नाही.

साइड व्हॉल्व्हमध्ये हेड म्हणजे नुसतं डब्याचं झाकण. व्हॉल्व्ह, तो टेकतो ती सीट, पोर्ट सगळं ब्लॉकमध्ये. जळालेला गॅससुद्धा ब्लॉकच्या पोटातून बाहेर पडतो, त्यामुळे सगळी उष्णता तिथंच. मग एक्झॉस्टची सीट आणि बोअर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीला तडा जातो. ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या गाडीत हेड बदलून सुटता येतं, इथं पळवाट नाही. पिस्टन, रिंगा, बेअरिंग आणून ठेवलीत आणि मग तडा दिसला, तर सगळं पोत्यात.

म्हणून आधी फक्त हेड काढा. ब्लॉक रॉकेलने धुवा, सीटभोवती तारेचा ब्रश मारा आणि डाय पेनिट्रंटचा सेट आणा (वेल्डिंगच्या दुकानात मिळतो, तीन स्प्रे असतात). लाल मारा, थांबा, पुसा, पांढरा मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. लेथवाल्याकडे जायची गरजही नाही.

पाना_नं_१३
मास्तरांशी सहमत. जाम इंजिनाला स्टार्टर मारू नका आणि गाडी टोचन करून गिअरमध्ये सोडू नका, हे मात्र आत्ताच लिहून ठेवा. साइड व्हॉल्व्हमध्ये पिस्टनच जाम असतो असं नाही. व्हॉल्व्ह गाइडमध्ये चिकटून उघडाच राहतो, त्या वाटेने दमट हवा आत जाते आणि तेवढाच एक बोअर गंजतो. जोर लावला की काहीतरी वाकणार.

प्लग काढा, प्रत्येक भोकात एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि डिझेलचं मिश्रण ओता, चांगलं मुरू द्या. अधूनमधून पुढच्या हँडलने हलकासा झोका द्या, दोन्हीकडे. सुतभर हलला तरी काम झालं म्हणा.

हेडचे स्टड गंजलेले असणार. नट गरम करा, तेल सोडा, परत गरम करा. हेड उचलायला फटीत स्क्रू ड्रायव्हर घालणाऱ्याचा हात धरा!

रिंगरोडरोमिओ
एवढा कुटाणा कशाला? बी-२७५ ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन टाका. आमच्याकडं निम्म्या जिपांत तेच आहे. डिझेल पिते कमी, ओढते जास्त.

पाना_नं_१३
राव, धागाकर्त्याने दुसऱ्याच परिच्छेदात नाही म्हटलंय.

जुनी_पाटी
शिवाय कागदाचा मुद्दा आहे. २०२१ पासून ५० वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात 'व्हीए' येतं. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात लागते. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल चालत नाही. अर्थात त्या नोंदणीवर रोज बाजाराला जाता येत नाही, प्रदर्शन-रॅली वगैरेसाठीच. पाहिजे की नको ते तुम्ही ठरवा, पण डिझेल टाकलं की तो दरवाजा बंद. आणि आरसीवरचा इंजिन नंबर ब्लॉकवरच्या नंबराशी जुळतो का, ते ब्लॉक घासायच्या आधी बघा.

उद्यमनगरी
पार्टबद्दल. महिंद्राने १९४९ पासून मुंबईत माझगावला विलीज जोडायला सुरुवात केली, पण पुढं आपल्याकडं रूढ झाली ती सीजे-३बी, आणि तिचं इंजिन एफ-हेड. त्यात इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. तुमच्याला वर सपाट बीडाचं (कास्ट आयर्नचं) हेड आणि त्यात उभे प्लग, एवढी खूण पुरे. दुकानदार 'पेट्रोल जीप' म्हटलं की ३बी चं हेड गॅस्केट देतो, ते तुम्हाला चालणार नाही. खालचा भाग मात्र जवळजवळ एकच घराणं, बोअर-स्ट्रोक तेच. त्यामुळे मेन आणि बिग एंडची बेअरिंगं अजून सापडतात. दिल्लीत काश्मिरी गेटला चौकशी करा. पुण्याच्या जुन्या बाजारात नशिबाने कार्ब्युरेटर मिळतो. जुना नग हातात घेऊनच दुकानात जायचं.

मशीनिंगसाठी कोल्हापूरला उद्यमनगरात या. ऑइल इंजिनांवर पोसलेला भाग आहे, बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग सगळं एका हाकेवर. फक्त पिस्टन आधी हातात घ्या आणि मग बोअर करायला द्या. पिस्टन मोजून त्याप्रमाणे बोअर करायचा असतो, '३० ओव्हरसाइज (३० थाऊ, म्हणजे हजारांश इंच मोठा) करून ठेवा, पिस्टन आणतो' असं सांगायचं नाही.

बे_एरियातला_बंड्या
हेड गॅस्केट, मॅनिफोल्ड गॅस्केट, मागचा ऑइल सील इकडं अमेरिकेत नवीन मिळतात. वजनाला काही नाही. कुणी येणारं असेल तर बॅगेतून मागवा. पिस्टनसुद्धा मिळतात, पण ते मोजमाप झाल्यावर.

थाऊमास्तर
घरी काय, बाहेर काय, हे राहिलंच. बोअर, क्रँक आणि सीट कटिंग बाहेर. बाकी सगळं घरी. व्हॉल्व्ह घासायला तर साइड व्हॉल्व्हसारखं सुख नाही: ब्लॉक समोर, वरून रबरी कपाची काडी लावायची, पेस्ट लावून दोन्ही तळव्यांत फिरवत बसायचं. राखाडी कडं सलग दिसलं की झालं. स्प्रिंगचे लॉक काढताना व्हॉल्व्ह चेंबरमधली खाली जाणारी भोकं चिंधीने बंद करा, नाहीतर लॉक थेट खालच्या चेंबरमध्ये जातो. टॅपेटची फट शेवटी थंड इंजिनावर १६ थाऊ, इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही. सिलिंडरांच्या फायरिंगचा क्रम १-३-४-२.

हेडचे काही स्टड थेट पाण्यात उतरतात. बसवताना त्यांच्या आट्यांना सीलंट लावा, नाहीतर नटाच्या कडेने पाणी झिरपत राहील आणि लोक गॅस्केटला शिव्या देतील. हेड फेस करणं तर सरसकट नकोच. आधी सपाट पट्टी आणि फिलर गेज लावून बघा. वाकलेलं नसेल तर हात लावू नका.

आणि पाण्याच्या वाटा! वेल्श प्लग (ब्लॉकच्या पाण्याच्या भोकांवरच्या पत्र्याच्या टोप्या) सगळे काढा. चौथ्या सिलिंडरच्या मागे गंजाचा चिखल वीट झालेला असतो. जाड तार आत घालून खरवडा, पाण्याचा प्रेशर मारा, परत खरवडा. पाणी स्वच्छ आलं म्हणून थांबू नका, तार लावल्यावर परत लाल येतं. जीप घाटात तापते म्हणून रेडिएटर बदलणाऱ्या कितीतरी लोकांचा आजार इथं असतो.

पाना_नं_१३
डॉज-प्लिमथच्या साइड व्हॉल्व्ह सिक्सवाल्यांनीही हे वाचावं. त्यांच्या ब्लॉकमध्ये वॉटर पंपाच्या मागे पत्र्याची लांब नळी असते, पाणी थेट एक्झॉस्ट सीटपाशी पोचवणारी. ती कुजलेली असते आणि कुणी बघतच नाही.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. हेड निघालं, स्टड एकच तुटला. १ आणि २ चे बोअर चक्क चकचकीत. ३ ला जरा डाग. ४ चा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा चिकटलेला आणि त्या बोअरमध्ये गंजाचं कडं, नखाला लागतं. डाय मारला. ३ नंबरच्या एक्झॉस्ट सीटपासून बोअरच्या दिशेने एक बारीक लाल रेघ आली. साधारण दोन सूत. आता? आणि हल्लीचं इथेनॉलचं पेट्रोल याला चालेल का?

उद्यमनगरी
घाबरू नका. रेघ सीटच्या रिंगमध्येच आहे की रिंगच्या बाहेर ब्लॉकमध्ये?

थाऊमास्तर
हाच प्रश्न. एक्झॉस्टला बसवलेली कडक रिंग असते. तीच तडकली असेल तर नवी बसवायची, विषय संपला. रेघ ब्लॉकमध्ये असेल तर रिंग काढून खाली बघा. पाण्यापर्यंत गेली नसेल तर त्या बोअरला स्लीव्ह आणि नवी सीट, यात काम भागतं. गेली असेल तर मेटल स्टिचिंग (वेल्डिंग न करता पिनांनी तडा शिवणं) करणारा गाठा. मुंबईत दारूखान्याकडं बोटींच्या इंजिनांवर काम करणारे आहेत, तिथं विचारा. बीडावर घरगुती वेल्डिंग कुणी करतो म्हणाला तर ब्लॉक उचलून चालू पडा.

४ नंबर रिबोरला जाणारच, मग चारही एकाच मापाला घ्या.

पेट्रोलचं म्हणाल तर एवढ्या कमी कॉम्प्रेशनला ऑक्टेनची काळजी नाही. इथेनॉल रबर खातं, म्हणून पंपाचा डायफ्राम आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्या. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा.

तोवर रिंग काढायच्या आधी त्या रेघेचा जवळून फोटो टाका, बाजूला स्टीलची पट्टी ठेवून.