कोकेन बंद केल्यावर उंदरांची ओढ कमी होण्याऐवजी वाढते, ती का?

जिज्ञासू:
ग्रिम, शहाम आणि सहकाऱ्यांचा २००१ मधील प्रयोग नुकताच वाचला. त्यात उंदरांना दहा दिवस, रोज सहा तास, तरफ दाबून शिरेवाटे कोकेन मिळवू दिले होते आणि प्रत्येक मात्रेसोबत दिवा व आवाज यांचा संकेत जोडला होता. पुढे कोकेन पूर्ण बंद केल्यावर त्या संकेतापायी तरफ दाबण्याचे प्रमाण दोन महिन्यांपर्यंत वाढत गेले. द्रव्य शरीरातून केव्हाच निघून गेलेले असताना हे कसे घडते? आणि माणसाला ते कितपत लागू होते?

मज्जापेशी:
द्रव्य निघून जाते, पण चेतासंधींमधील (मज्जापेशींना जोडणाऱ्या सांध्यांमधील) बदल त्यानंतरही चालूच राहतात. कॉनरॅड, वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवले की, कोकेनपासूनच्या दीर्घ विरामानंतर न्यूक्लियस अक्युम्बेन्स या मेंदूतील प्रेरणेशी निगडित भागात ‘ग्लुए-२’ हा घटक नसलेले एम्पा रिसेप्टर (ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाचा संदेश ग्रहण करणारी प्रथिने) वाढतात. हे रिसेप्टर कॅल्शियम आत येऊ देतात आणि ग्लुटामेटच्या संदेशाला अधिक जोराने प्रतिसाद देतात, त्यामुळे जुना संकेत समोर येताच पेशी पूर्वीपेक्षा तीव्रतेने उद्दीपित होतात. या भागात ते रिसेप्टर औषधाने रोखल्यावर उंदरांचा कोकेनचा शोध कमी झाला. केवळ सहसंबंध दाखवून न थांबता कारणापर्यंत पोहोचणारा हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. व्यसनाची चर्चा डोपामिन या मेंदूतील दुसऱ्या संदेशवाहक रसायनापाशीच संपवणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

रुग्णसेवक:
माणसाबाबत पर्वाझ आणि सहकाऱ्यांचे २०१६ मधील काम पाहावे. कोकेन सोडलेल्या व्यक्तींना कोकेनशी संबंधित चित्रे दाखवून त्यांच्या मेंदूतील विद्युत प्रतिसाद मोजला असता तो सुमारे सहा महिन्यांपर्यंत वाढलेला आणि वर्षभराने उतरलेला दिसला. याच काळात त्या व्यक्ती स्वतः सांगत असलेली ओढ मात्र कमी होत होती. म्हणून उपचार घेणारा माणूस काही महिन्यांनी “आता इच्छाच होत नाही” असे प्रामाणिकपणे म्हणाला, तरी जुन्या जागा आणि जुनी सोबत यांबाबत त्याला निर्धास्त सोडू नये, असे मला वाटते.

पिंजऱ्याबाहेर:
एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. या प्रयोगांतील उंदीर बहुधा एकटे ठेवलेले असतात आणि त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नसतो. फ्रान्समधील बोर्डोच्या संशोधक गटाने २००७ मध्ये कोकेन किंवा सॅकरिनचे गोड पाणी यांतून निवड करू दिली, तेव्हा बहुसंख्य उंदरांनी गोड पाणी पसंत केले. पुढे व्हेनिरो, शहाम आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मादक द्रव्याऐवजी दुसऱ्या उंदराची सोबत निवडण्याची मुभा दिली. तेव्हा उंदरांनी सातत्याने सोबत निवडली आणि अशा रीतीने द्रव्यापासून दूर राहिलेल्या उंदरांमध्ये मेथॲम्फेटामिन या उत्तेजक मादक द्रव्याची ओढ दिवसांगणिक वाढली नाही. जबरदस्तीने लादलेला विराम आणि दुसरे काही निवडल्यामुळे आलेला विराम मेंदूसाठी सारखे नसतात, असा याचा अर्थ मी घेतो. मात्र २००१ च्या प्रयोगातील विराम पहिल्या प्रकारचा होता.