आईबाबांची तिकिटं: एजंटकडून की थेट एअरलाइनकडून?

सोमवार, रात्री ९:१२, अ‍ॅशबर्नहून

नमस्कार मंडळी,

या ईमेल यादीवर पहिल्यांदाच लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. आईबाबा एप्रिलमध्ये पुण्याहून इकडे अमेरिकेत येतायत, पाच महिन्यांसाठी. दोघंही सत्तरीच्या आसपास, परदेशी विमानात पहिल्यांदाच बसणार. एका देशी एजंटने मुंबई-डलेस (आमचं वॉशिंग्टनचं विमानतळ) जाऊन-येऊन माणशी १,१८० डॉलर सांगितलेत. तेच विमान, तीच तारीख एअरलाइनच्या साइटवर १,३२० ला आहे. म्हणजे दोघांचे मिळून २८० डॉलर वाचतात. नवरा म्हणतो, घे डोळे मिटून. मला काही डोळे मिटवत नाहीयेत. कार्डाने पैसे दिले तर तीन टक्के वर, झेलने, म्हणजे थेट बँकेतून बँकेत, दिले तर नाही, असं एजंटचं म्हणणं. आणि हा भाव आज संध्याकाळपर्यंतच.

कोणाला काही अनुभव?

ता. क. व्हीलचेअरचं कोणी सांगायचं असतं, एजंटने की आपण?

सोमवार, रात्री ९:४०, हर्नडनहून

'भाव आज संध्याकाळपर्यंतच' हे मी २०११ पासून ऐकतोय. दुसऱ्या दिवशीही तोच भाव असतो, फक्त संध्याकाळ नवी.

मी एजंटच्या भानगडीत पडतच नाही. स्वस्त तिकिटांची वेबसाइट उघडायची आणि थेट काढायचं. पाच मिनिटांचं काम.

मंगळवार, सकाळी ६:०५, रॉकव्हिलहून

सप्रेम नमस्कार.

तरुण मंडळींची पत्रं वाचली. मी या देशात १९८३ साली आलो, आणि माझी सगळी भारतवारी एकाच एजंटच्या हातून झाली. ते गृहस्थ आता हयात नाहीत. जानेवारी १९९६ मध्ये रात्री अडीच वाजता साताऱ्याहून फोन आला, वडील गेले. बाहेर गुडघाभर बर्फ. मी एजंटच्या घरी फोन केला. त्यांनी 'किती वाजलेत' असं विचारलं नाही. सकाळी आठपर्यंत त्यांनी सीट मिळवली आणि तिकीट स्वतः विमानतळावर आणून दिलं. तेव्हा कागदी तिकीट असे, मागे लाल कार्बन, बोटांना लागायचा. पैशाचं काढलं तर म्हणाले, 'परत आल्यावर बघू.'

त्या रात्री 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे' हे ऐकत बसायची ताकद माझ्यात नव्हती. दीडशे डॉलर इकडचे तिकडे, पण ओळखीचा माणूस असावा, एवढंच माझं मत.

मंगळवार, दुपारी १२:३०, जर्मनटाउनहून

काका, तुमचं पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. पण तसा एजंट आता कुठून आणायचा?

आमचा किस्सा ऐका. गेल्या वर्षी सासूबाई-सासरे येणार होते. तिकीट एजंटकडून. मध्ये एअरलाइनने मुंबईहून सुटायची वेळ अडीच तासांनी पुढे ढकलली, त्यामुळे पुढचं विमान हुकणार हे नक्की. तशी ईमेल आली, पण ती एजंटच्या पत्त्यावर, कारण बुकिंग करताना त्याने आमचा ईमेल घातलाच नव्हता. आणि एजंट भाच्याच्या लग्नाला राजकोटला. मी सहज साइटवर बघितलं म्हणून पाच दिवस आधी कळलं. एअरलाइनला फोन केला तर एकच उत्तर, 'तिकीट एजन्सीचं आहे, एजन्सीशी बोला.' एजन्सीचा व्हॉइसमेल भरलेला. निघायच्या रात्री काउंटरवरच्या एका भल्या मुलीने दुसऱ्या विमानाची सोय करून दिली, पण तोवर सासूबाई तीन तास ट्रॉलीवरच्या सुटकेसवर बसून होत्या. ते तीन तास मला अजून ऐकवले जातात.

मंगळवार, दुपारी १:१५, गेदर्सबर्गहून

विषयाला सोडून लिहितेय, माफ करा. परवाच्या हळदीकुंकवाला माझा स्टीलचा डबा राहिलाय, निळ्या झाकणाचा. आतले लाडू संपले असतील तरी चालेल, डबा हवाय.

मंगळवार, रात्री १०:५५, कोलंबिया, मेरीलँडहून

अगं अ‍ॅशबर्नकर,

मी न्यू जर्सीत एका एजन्सीत चौदा वर्षं तिकिटं काढली. आता निवृत्त आहे, त्यामुळे कोणाची बाजू घ्यायचं कारण नाही. जरा लांबेल, चहा घेऊन बस.

आधी एजंटला स्वस्त कसं परवडतं ते सांगते. पूर्वी एअरलाइन तिकिटामागे दहा टक्के कमिशन द्यायची. फेब्रुवारी १९९५ मध्ये डेल्टाने अमेरिकेतल्या जाऊन-येऊन तिकिटावर ५० डॉलरच्या वर कमिशन नाही असं जाहीर केलं, बाकीच्यांनी री ओढली, आणि मार्च २००२ मध्ये मूळ कमिशन शून्यावर आणलं गेलं. मग देशी एजन्सी तगल्या त्या कन्सॉलिडेटरच्या जिवावर. हा ठोक व्यापारी. एअरलाइन त्याला साइटवरच्या भावापेक्षा कमी दराने तिकिटं देते, तो एजंटला देतो, एजंट आपले वीस-तीस डॉलर लावून तुला. मार्केट यार्डातली कोथिंबीर कोपऱ्यावरच्या गाडीवर येते तशी. अशा तिकिटावर भाड्याच्या जागी बरेचदा आकडाच नसतो, 'बल्क' नाहीतर 'आयटी' अशी अक्षरं असतात. तुझे माणशी १४० डॉलर तिथून आलेत. त्यात फसवाफसवी काही नाही.

पण ठोक मालाला अटीही तशाच. रद्द केलं तर बहुतेक वेळा हाती काही लागत नाही, आणि तारीख बदलली तर एअरलाइनचा दंड वेगळा, एजन्सीचा वेगळा. आता पाच महिन्यांसाठी आलेले आईबाबा तारीख बदलत नाहीत असं मी तरी बघितलेलं नाही. जुलै उजाडला की बाबांना बँकेची कामं आठवतात, आईला घरातल्या कुंड्या. तू त्या दोन अटी लेखी मागव आणि मग २८० डॉलरचा हिशेब कर.

दुसरी गोष्ट, तिकीट ताब्यात कोणाच्या. जर्मनटाउनला जे ऐकावं लागलं त्याला उद्धटपणा म्हणू नका, ती धंद्याची रीत आहे. एजन्सीने काढलेल्या तिकिटाला प्रवासाचा दिवस जवळ येईपर्यंत एअरलाइनचा माणूस सहसा हात लावत नाही. म्हणून एजंटकडून घेतलंस तर बुकिंगमध्ये तुझा फोन आणि तुझा ईमेल घालायला लाव, आणि एअरलाइनच्या साइटवर चालणारा पीएनआर मागून घे. एजंटच्या सिस्टिमचा पीएनआर कधी कधी वेगळा असतो. मग दर आठवड्याला स्वतः बघत जा. व्हीलचेअर आणि जेवणही तिथेच बघायचं. एजंट 'सांगितलंय' म्हणतो, त्यावर विसंबू नकोस, नोंद झालीय का ते वाच. आई जिना चढू शकत असेल आणि फक्त लांब चालवत नसेल तर डब्ल्यूसीएचआर हा कोड, जिनाही चढवत नसेल तर डब्ल्यूसीएचएस. शाकाहारी देशी जेवण हवं तर एव्हीएमएल. कांदा-लसूण नको असेल तर जैन, व्हीजेएमएल. उपासाचं सहसा मिळत नाही, राजगिऱ्याच्या वड्या पर्समध्ये.

पैशाचं मात्र नीट वाच. अमेरिकेच्या परिवहन खात्याच्या २०२४ च्या नियमाप्रमाणे आंतरराष्ट्रीय उड्डाण रद्द झालं, किंवा सहा तास वा त्याहून जास्त सरकलं, आणि तुम्ही दुसरा पर्याय घेतला नाहीत, तर पैसे परत मिळायला हवेत. कार्डाने दिले असतील तर कामाच्या सात दिवसांत. आता ते द्यायचे कोणी? कार्डाच्या स्टेटमेंटवर ज्याचं नाव आलं त्याने. एअरलाइनचं नाव असेल तर एअरलाइन, एजन्सीचं असेल तर एजन्सी. झेलने दिलेस तर कार्डवाल्या बँकेकडे तक्रार करून पैसे अडवायची सोयही गेली. मार्च २०२० मध्ये भारताने परदेशी विमानं बंद केली तेव्हा आमच्या ऑफिसात दिवसभर फोन वाजत. एअरलाइन म्हणायची एजंटला विचारा, आमचे साहेब म्हणायचे एअरलाइनकडून आले की देतो. ते तीन टक्के म्हणजे तुझे दोघांचे सत्तर-एक डॉलर. द्यायचेच. मग राहिले वाचलेले २१० च्या आसपास.

थेट घेतलंस तर आणखी एक होतं. प्रवासाला निदान सात दिवस असताना काढलेलं तिकीट चोवीस तासांत फुकट रद्द करता येतं, किंवा तेवढा वेळ पैसे न देता धरून ठेवता येतं. या दोहोंपैकी एक सोय एअरलाइनला द्यावीच लागते. एजंटवर तसं बंधन नाही. नावाचं स्पेलिंग चुकलेलं रात्री बारा वाजता लक्षात आलं की या चोवीस तासांची किंमत कळते.

आणि शेवटचं, जे मी काउंटरवर रोज सांगायचे आणि रोज कोणीतरी विसरायचं. पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे. सहा अक्षरी पीएनआर ही लग्नाच्या हॉलची नुसती नोंद, तारीख धरून ठेवलेली. तिकीट निघालं की तेरा आकडी नंबर येतो, आणि पहिले तीन आकडे एअरलाइनचे. एअर इंडिया ०९८, एमिरेट्स १७६, लुफ्थान्सा २२०, युनायटेड ०१६. काही एजंट पैसे घेतात, सीट धरतात, आणि भाव उतरेल या आशेने तिकीट काढायचं लांबवतात. मुदत टळली की सीट आपोआप सुटते. आमच्याच ऑफिसात दोनदा झालंय, एकदा तर माणूस विमानतळावर पोचला होता.

बुधवार, सकाळी ७:५०, हर्नडनहून

म्हणजे माझी वेबसाइट हीसुद्धा एजंटच?

बुधवार, सकाळी ८:०२, कोलंबियाहून

हो रे बाबा. एजंटच, फक्त लग्नाला राजकोटला जात नाही.

बुधवार, सकाळी ९:२०, फेअरफॅक्सहून

कोलंबियाच्या ताईंच्या पत्राला माझी एक पुरवणी. स्वस्त तिकीट बघताना ते एकच तिकीट आहे की दोन जोडलेली आहेत ते विचारा. एअर इंडियाने १ सप्टेंबर २०२५ पासून दिल्ली-डलेस बंद केल्यावर इथल्या सगळ्यांना वाटेत कुठेतरी उतरावंच लागतं, आणि जोडाजोड करणाऱ्यांचं फावलंय. आमच्या मामेभावाला असंच मिळालं, फ्रँकफर्टपर्यंत एक तिकीट आणि पुढे वेगळं. अमेरिकेचा व्हिसा असल्यामुळे नुसतं विमान बदलायला अडचण नव्हती. पण बॅगा तिथे उतरवून पुन्हा चेक-इन करायच्या म्हणजे जर्मनीत शिरणं आलं, आणि त्याला शेंगेन व्हिसा लागतो. मुंबईच्या काउंटरवरूनच परत पाठवला.

परतीच्या वाटेवर दिल्ली-पुणे वेगळं काढलेल्यांनीही लक्षात ठेवा. अमेरिकेहून दोन बॅगा, २३-२३ किलोच्या, आणि देशातल्या विमानात नेहमीच्या तिकिटाला १५ किलो. उरलेल्या किलोंचे पैसे भरताना मामाने मेपल सिरपच्या सगळ्या बाटल्या तिथल्या हवालदाराला देऊ केल्या होत्या.

बुधवार, दुपारी ४:१०, रॉकव्हिलहून

कोलंबियाच्या ताईंचे पत्र दोनदा वाचले. माहिती उत्तम. तरीही मला असे वाटते की, तेरा आकडी नंबर मागायचे मला पंचवीस वर्षांत एकदाही सुचले नाही, आणि माझे काही अडलेही नाही.

सौ. म्हणते की अडले नाही कारण प्रत्येक वेळी एजंटला तीच फोन करून विचारत होती. हे मला आजच कळले.

बुधवार, रात्री ११:३५, अ‍ॅशबर्नहून

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ठरवलं की थेटच घ्यायचं, दोनशे डॉलरसाठी ही डोकेदुखी नको. आज कार्ड हातात घेऊन साइट उघडली, आणि आईच्या पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात नेमकं काय छापलंय ते विचारायला पुण्याला फोन लावला.

फोन बाबांनी घेतला. म्हणाले, तू काही काढू नकोस, आमचं झालंय. सोसायटीतल्या एका काकांचा भाचा तिकिटांचं काम करतो, त्याने परवाच काढून दिलं. पैसे रोख दिले. मुंबईपर्यंतची गाडी फुकट, वर दोन केबिन बॅगा भेट. मला सरप्राइज द्यायचं होतं म्हणे. बॅगा लाल रंगाच्या आहेत, चाकं चांगली आहेत, हे दोनदा सांगितलं.

मी म्हटलं, कागदाचा फोटो पाठवा. आत्ताच आलाय. वर गणपतीचं चित्र, खाली दोघांची नावं, तारीख, सहा अक्षरी पीएनआर आणि हिरव्या शाईत 'कन्फर्म'. तेरा आकडी नंबर मी चारदा शोधला. नाहीये. एअरलाइनच्या साइटवर पीएनआर टाकला तर नावं दिसतायत, पण वर पिवळ्या पट्टीत तिकीट काढायची मुदत लिहिलीय, उद्याची.

बुधवार, रात्री ११:४१, कोलंबियाहून

मी जागी आहे. पुण्यात आत्ता सकाळचे सव्वादहा झालेत, भाच्याचं ऑफिस उघडलं असेल. नंबर घे बाबांकडून आणि मला लगेच फोन कर.