मदत हवी आहे: राखेच्या तळ्याजवळच्या विहिरींचं पाणी तपासायचंय, लॅबला नेमकं काय सांगायचं?

ओंजळ

नमस्कार मंडळी, पोस्ट लांब झालीये पण प्लीज पूर्ण वाचा, पाणी तपासणी, भूजल, वीजकेंद्रं यातलं ज्यांना कळतं त्यांची खरंच गरज आहे.

आमची वस्ती पूर्णपणे विहिरी आणि बोअरच्या पाण्यावर आहे, नळाचं पाणी नाही. वरच्या अंगाला कोळशावर चालणारं वीजकेंद्र आहे आणि ते राख पाण्यात कालवून पाइपने एका मोठ्या तळ्यात सोडतात, अॅश पॉन्ड म्हणतात ते. त्या तळ्याला खाली अस्तर घातलंय की नाही हे विचारलं तर कुणी धड उत्तर देत नाही. त्या बाजूच्या विहिरींवरच्या बायका म्हणतायत की हल्ली पाण्याची चव बदललीये, साबणाला फेस येत नाही, पण बघायला पाणी एकदम नितळ त्यामुळे कुणाला पटत नाही. तक्रार केल्यावर पाणी तपासून रिपोर्ट मिळाला, त्यात पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार), कठीणपणा, क्लोराइड, गढूळपणा आणि कॉलिफॉर्म (जंतू) एवढंच होतं आणि खाली "पिण्यास योग्य" असा शिक्का.

मला अडलंय ते इथेच. आर्सेनिक, शिसं, सेलेनियम यातलं काहीच त्या कागदावर नाही, म्हणजे तपासलंच नाही, मग योग्य कशावरून ठरवलं? मी वाचलंय त्यावरून कोळसा जळून जातो पण त्यातले धातू बरेचसे राखेत उरतात आणि मूळ कोळशापेक्षा जास्त दाट होऊन उरतात. अमेरिकेत टेनेसीत किंग्स्टनला २२ डिसेंबर २००८ ला राखेच्या तळ्याचा बांध फुटला आणि साधारण ४१ लाख घनमीटर चिखल बाहेर आला, तो जगाने बघितला. मला बांध फुटण्यापेक्षाही भीती वाटते ती खालून गुपचूप झिरपण्याची, कारण ते कुणाच्या डोळ्याला दिसणारच नाही आणि आमच्याकडे लहान लहान मुलं तेच पाणी पितायत.

वस्तीच्या दुसऱ्या अंगाला नैसर्गिक वायूसाठी ड्रिलिंग होणार अशीही चर्चा आहे, अजून काहीच सुरू नाही. त्याआधी काही तपासून ठेवावं का?

सगळं काही तपासायला पैसे पुरणार नाहीत त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे कुणीतरी सांगा. आणि तोपर्यंत प्यायचं काय? काही घरांत आरओ आहे, बाकीचे उकळून पितात.

परीक्षानळी

ओंजळताई, पाण्याच्या लॅबमध्येच काम करते म्हणून सविस्तर लिहिते. तुमची शंका शंभर टक्के बरोबर आहे. लॅब तेवढंच तपासते जेवढं फॉर्मवर लिहिलेलं असतं, आणि तो शिक्का फक्त त्या तपासलेल्या गोष्टींपुरता असतो. तुमच्या रिपोर्टने जंतू आणि क्षार यांचं उत्तर दिलंय, राखेचा प्रश्न त्याला कुणी विचारलेलाच नाही.

पैसे कमी असतील तर दोन टप्प्यांत करा. अमेरिकेत २०१५ साली राखेच्या तळ्यांसाठी नियम आले त्यात भूजलावर नजर ठेवायला पहिल्या फेरीत सातच गोष्टी घेतल्यात: बोरॉन, कॅल्शियम, क्लोराइड, फ्लोराइड, सल्फेट, पीएच आणि टीडीएस. यातल्या बऱ्याच तपासण्या साध्या आहेत, बोरॉन मात्र मुद्दाम लिहून मागावं लागेल नाहीतर कुणी करत नाही. साबणाला फेस न येणं म्हणजे कठीणपणा वाढलेला असू शकतो, आणि राखेतून कॅल्शियम आणि सल्फेट सुटतात, तेव्हा त्या बायकांचं म्हणणं अजिबात उडवून लावू नका. जुन्या रिपोर्टातला कठीणपणाचा आकडा लांबच्या एखाद्या विहिरीशी ताडून बघा, ते तर आजच फुकटात होईल.

ज्या विहिरीत पहिल्या फेरीत गडबड दिसेल तिथे धातूंची तपासणी करा. आयसीपी-एमएस (अगदी कमी प्रमाणातले धातूही मोजणारं मशीन) असलेली लॅब शोधा, त्यात एकाच सॅम्पलमधून आर्सेनिक, सेलेनियम, शिसं, क्रोमियम, कॅडमियम, मॉलिब्डेनम, लिथियम, थॅलियम असे खूप धातू एकदम निघतात. पाऱ्याचं वेगळं विचारा.

आणि हे फार महत्त्वाचं, सॅम्पल देण्याआधी प्रत्येक धातूची डिटेक्शन लिमिट, म्हणजे मशीनला दिसणारं कमीत कमी प्रमाण, लेखी मागा. जागतिक आरोग्य संघटनेची आर्सेनिकची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. समजा लॅबचं मशीन ५० च्या खाली बघूच शकत नसेल, तर तुमच्या पाण्यात ४० असलं तरी रिपोर्टवर "बीडीएल" (डिटेक्शन लिमिटच्या खाली) छापून येणार, आणि लोक त्याचा अर्थ शून्य असा लावणार. शिशाची मर्यादाही १०, सेलेनियमची ४०, युरेनियमची ३०. बोरॉनची २.४ मिलीग्रॅम.

पाणीदार

एक शंका. आमच्या फिल्टरवाल्याने टीडीएस मीटर दिलाय, ३०० च्या खाली असेल तर पाणी उत्तम असं सांगितलंय. एवढ्या तपासण्या करण्यापेक्षा प्रत्येक विहिरीत मीटर बुडवून बघितलं तर चालणार नाही का?

परीक्षानळी

@पाणीदार, फक्त मीटरवर नका राहू. हिशोबच बघा, मर्यादेच्या पाचपट आर्सेनिक म्हणजे लिटरला ५० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.०५ मिलीग्रॅम. मीटर तीनशे मिलीग्रॅमच्या घरात मोजतोय, त्याला हा ०.०५ दिसणार कुठून? मुळात मीटर विजेचं वहन मोजतो आणि त्यावरून क्षारांचा अंदाज लावतो. एकाच विहिरीचा टीडीएस महिन्यामहिन्याला लिहून ठेवला आणि तो चढत गेला तर ती धोक्याची सूचना आहे, तेवढ्यासाठी मीटर जरूर वापरा. पण कमी आकडा म्हणजे सुरक्षित पाणी असं अजिबात नाही.

कातळ

भूजलात काम केलंय त्यामुळे माझी भर. पाणी जमिनीखाली कुठल्या दिशेने वाहतंय हे कळल्याशिवाय सॅम्पल घेऊ नका. कमीत कमी तीन विहिरींच्या काठाची उंची लेव्हल लावून मोजायची, त्यातून पाण्यापर्यंतची खोली वजा करायची, ज्या विहिरीत पाण्याची पातळी सगळ्यात वर तिथून खालच्या पातळीकडे प्रवाह. विहिरी एका रेषेत नसाव्यात आणि मोजायच्या दिवशी कुणी पंप चालवू नये. कातळातल्या भेगांमधून पाणी कधी कधी वाकडं जातं पण ढोबळ दिशा तरी कळते.

मग एक विहीर तळ्याच्या वरच्या बाजूची घ्या, जिथे राखेचा परिणाम पोचूच शकत नाही. हे लोक विसरतात आणि नंतर पस्तावतात. आर्सेनिक, फ्लोराइड काही ठिकाणी खडकातच असतं, त्यामुळे तुम्ही खालच्या विहिरीचा रिपोर्ट दाखवलात की समोरचे म्हणणार हे नैसर्गिक आहे, आणि वरच्या विहिरीचा आकडा तुमच्याकडे नसेल तर त्यावर तुम्हाला उत्तरच देता येणार नाही.

बोरॉन आणि सल्फेट आधी का, तर ते मातीला फारसे चिकटत नाहीत, पाण्याबरोबर जवळजवळ त्याच वेगाने पुढे सरकतात. आर्सेनिक मातीतल्या लोहाच्या कणांना धरून राहतं म्हणून मागे पडतं, आणि जमिनीखाली ऑक्सिजन संपला की तेच सुटून पाण्यात येतं. म्हणजे आज बोरॉन वाढलाय आणि आर्सेनिक नाही असं आलं तर निर्धास्त होऊ नका, झिरप तुमच्यापर्यंत पोचलीये एवढं त्यातून कळलं. एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर, दोन्ही वेळा त्याच विहिरी.

वायूच्या ड्रिलिंगबद्दल, आत्ताच तपासा, हातात काही नसताना नंतर भांडता येत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये फ्रॅकिंगवरचा (दाबाने पाणी सोडून खडक फोडून वायू काढणं) मोठा अहवाल दिला, त्यात पिण्याच्या पाण्यावर काही परिस्थितींत परिणाम होतो असं स्पष्ट म्हटलंय, म्हणजे रसायनांची सांडलवंड, नीट सील न झालेली वायूची विहीर, अर्धवट शुद्ध केलेलं सांडपाणी नदीत सोडणं, किंवा अस्तर नसलेल्या खड्ड्यात साठवणं. त्यामुळे आधीचे आकडे हवेत ते मिथेन, इथेन, बेंझीन गटातली द्रव्यं, क्लोराइड, ब्रोमाइड, बेरियम आणि स्ट्रॉन्शियमचे. मिथेन दलदलीतून, जंतूंमुळेही तयार होतो, पण त्याच्याबरोबर इथेन सापडला तर खोलवरच्या वायूची शक्यता वाढते, आणि आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू) तपासले की आणखी खात्रीने सांगता येतं.

राखाडी

बरीच वर्षं वीजकेंद्रात काढली आहेत. ओंजळ, सगळं लक्ष तळ्यावरच ठेवू नका. कोळशाच्या ढिगांवरून पावसाचं पाणी वाहतं, कोळशात पायराइट (लोह आणि गंधकाचं खनिज) असेल तर हवा-पाणी लागून त्यातून सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि ते जाईल तिथे धातू विरघळवत जातं. वाटेत नारिंगी साका दिसला तर फोटो काढून ठेवा. तेलाच्या टाक्या असतात, कूलिंग टॉवरचं क्षार साठलेलं पाणी अधूनमधून सोडावं लागतं, त्यात पण रसायनं असतात.

केंद्राकडे लेखी मागा: तळ्याला अस्तर आहे का, तळ्याभोवती पिझोमीटर (जमिनीखालच्या पाण्याची पातळी मोजायच्या नळ्या) आहेत का आणि त्यांची रीडिंगं, बांधाच्या पायथ्याच्या टो ड्रेनमधून (झिरपलेलं पाणी गोळा करणाऱ्या गटारातून) किती पाणी येतं आणि ते परत वापरतात का ओढ्यात जातं, आणि आवारात कुठली रसायनं किती साठवलीत त्याची यादी. ही शेवटची यादी सोडू नका. वेस्ट व्हर्जिनियात ९ जानेवारी २०१४ ला एल्क नदीच्या काठच्या टाकीतून कोळसा धुवायचं एमसीएचएम नावाचं रसायन गळलं, खाली थोड्याच अंतरावर शहराचं पाणी उचलायचं ठिकाण, सुमारे ३ लाख लोकांचं नळाचं पाणी बंद करावं लागलं. लोकांना आधी वासाने कळलं, आणि त्या रसायनासाठी पिण्याच्या पाण्याचं प्रमाणच ठरलेलं नव्हतं. नेहमीची यादी घेऊन तपासलं असतं तर ते पाणीही पास झालं असतं. म्हणून वरच्या अंगाला काय साठवलंय ते आधी माहिती पाहिजे, तपासणीची यादी त्यावरून बनवायची.

ओंजळ

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. वरच्या बाजूची विहीर घ्यायची हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आता फक्त दोन गोष्टी राहिल्या, एक म्हणजे रिपोर्ट येईपर्यंत मुलांना काय प्यायला द्यायचं, आणि दुसरं, आम्ही सॅम्पल घेतलं तर केंद्राचे लोक म्हणतील की तुम्हीच त्यात काहीतरी घातलंत, त्याचं काय करायचं?

परीक्षानळी

उकळल्याने जंतू मरतात पण धातू जात नाहीत, उलट वाफ उडून गेली की उरलेल्या पाण्यात ते थोडे दाटच होतात. त्यामुळे जंतूंसाठी उकळणं चालू ठेवा पण राखेवरचा उपाय म्हणून नाही. आरओने बरेच धातू चांगले कमी होतात, पण आर्सेनिकचा एक प्रकार, आर्सेनिक तीन, आणि बोरॉन हे दोन्ही साध्या पाण्यात विद्युतभार नसलेल्या रूपात असतात म्हणून पडद्यातून बऱ्यापैकी निसटतात. ज्या घरी आरओ आहे तिथलं आतलं आणि बाहेरचं असं दोन्ही पाणी तपासा, त्याशिवाय भरवसा नको. आत्ता सगळ्यात बरं म्हणजे वरच्या बाजूच्या विहिरीची तपासणी सगळ्यात आधी उरकून घ्या, धातूंसकट, ती चांगली निघाली तर बाळांचं दूध, प्यायचं आणि स्वयंपाकाचं पाणी तिथून आणा. स्वयंपाकाचं विसरू नका, शिजवताना तेच पाणी पोटात जातं. अंघोळ, कपडे यांना धातूंचा त्रास फारसा नाही कारण आर्सेनिक त्वचेतून अगदी कमी शिरतं. पुढे ड्रिलिंग सुरू झालं आणि बोअरच्या पाण्यात बुडबुडे दिसले तर ते प्रकरण वेगळं आहे, मिथेन बंद खोलीत साठून पेट घेऊ शकतो, तिथे काडी ओढायची नाही, खिडक्या उघडायच्या आणि आधी पंप बंद.

सॅम्पलचं असं करा. बाटल्या लॅबकडूनच आणा, धातूंच्या बाटलीत नायट्रिक अॅसिड घातलेलं असतं ते धुवायचं नाही. बेंझीनची छोटी काचेची बाटली काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा नको, आणि बर्फात ठेवून न्यायची. बोअरचा पंप पाइपमधलं जुनं पाणी निघून जाईपर्यंत चालवा, टाकीतलं पाणी अजिबात घेऊ नका.

केंद्राला तारीख आणि वेळ लेखी कळवून माणूस पाठवायला सांगा. एकाच वेळी भरलेल्या दोन बाटल्या, एक तुमची एक त्यांची, दोन्हीला सील, सीलवर दोघांच्या सह्या, विहिरीसकट फोटो. बाटली कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेली याचा कागद असतो, कस्टडी फॉर्म म्हणून मागा, लॅबने पोच देताना सील शाबूत होतं असं त्यावर लिहून घ्या. ते आले नाहीत तर ते पत्र आणि त्याची पोच जोडा आणि लॅबच्याच माणसाला सॅम्पल घ्यायला बोलवा. पावसाळ्याआधीची फेरी चुकवू नका, लॅबची वेळ आत्ताच घेऊन ठेवा.

ओंजळ

उद्याच लॅबला फोन करते आणि डिटेक्शन लिमिट लेखी मागते. @कातळ, लेव्हल लावणारं कुणी मिळालं की आकडे इथेच टाकीन, दिशा काढायला मदत कराल का प्लीज?

कातळ

टाका, नक्की बघतो. प्रत्येक विहिरीचं काठ ते पाणी अंतर सेंटीमीटरमध्ये आणि मोजल्याची वेळ तेवढी लिहा.