पाडलेल्या वाड्याच्या लाकडाचे टेबल : सुतार नकार देतात, काय करावे?

वाड्याचा_वारस : नाशिकच्या भद्रकालीतला आमचा वाडा गेल्या उन्हाळ्यात उतरवला, तेव्हा सागवानी तुळयांचे तुकडे आणि एका दाराच्या फळ्या मी भंगारात न देता ठेवून घेतल्या. त्यांचे जेवणाचे टेबल करावे आणि अंबडच्या कारखान्यांतून निघणाऱ्या लाकडी पॅलेटची (माल रचण्याच्या फळ्यांच्या चौकटींची) बाकडी करावीत, असा विचार आहे. मात्र तीन सुतारांनी ‘त्यापेक्षा नवीन प्लाय आणा, स्वस्त पडेल’ असे सांगून हात वर केले. हे काम खरोखर इतके अवघड आहे का?

रंधा : सुतारांचे चुकते, असे मी म्हणणार नाही. तुळईत मोडून राहिलेला खिळा बाहेरून दिसत नाही. अशाच एका खिळ्याने माझ्या रंधायंत्राच्या पात्याला मुगाच्या दाण्याएवढी खाच पाडली आणि पुढच्या प्रत्येक फळीवर उंचवट्याची एक रेघ उमटत राहिली. आधी चुंबक फिरवून खिळे उपटून काढावेत आणि मजुरी रोजावर ठरवावी, चौरस फुटावर नव्हे. पॅलेटवरचा शिक्काही पाहावा. ‘एचटी’ म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवलेले. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेले, ते घरात नको.

तिपाई : मजुरीचे हेच गणित पीट हाइन एक (आडनावच ‘एक’) या डच डिझायनरने उलटे मांडले. १९९० मध्ये आइंडहोवनमधील शिक्षण संपवताना त्याने टाकाऊ लाकडाचे कपाट केले. माल जवळपास फुकटचा, तेव्हा कष्टात हात आखडायचा नाही, अशी त्याची भूमिका होती. फळ्यांवरचे जुने रंग त्याने तसेच ठेवले. ब्राझीलच्या कांपाना बंधूंची १९९१ची ‘फावेला’ खुर्चीही लाकडाच्या लहान तुकड्यांची आहे, पण झोपडवस्तीवरून सुचलेली ती खुर्ची श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जाऊन बसली, हे मला खटकते. त्यापेक्षा डच डिझायनर रिटफेल्टने १९३४ मध्ये खोक्यांच्या साध्या फळ्यांपासून केलेले फर्निचर मला जवळचे वाटते. आपणही दाराची फळी रंधून गुळगुळीत करू नये.

वाड्याचा_वारस : मनःपूर्वक आभार. त्या फळीवर कडी-कोयंड्याची भोके आणि आजीने गेरूने काढलेले पुसट स्वस्तिक आहे, त्यामुळे ती रंधायची नाही, हे ठरले. पण त्या भोकांतून आमटी खाली गळेल, त्याचे काय?

रंधा : भोकांत सागाच्याच खुंट्या सरस लावून ठोकाव्यात. गेरूवर मात्र पॉलिशचा ब्रश ओढू नये, तो पसरेल. पहिले दोन हात फवाऱ्याने द्यावेत.