मदत हवी आहे: दवात भिजलेल्या चतुराचा फोटो कसा काढावा?

नमस्कार मंडळी. वर्षभर रोज सकाळी कामाआधी अर्धा तास कॅमेरा घेऊन बाहेर पडते. तो अर्धा तास आता सोडवत नाही. जवळ १०० मिमीची मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स आहे.

काल गवताच्या पात्यावर एक चतुर (ड्रॅगनफ्लाय) गारठून बसला होता. डोळ्यांवर, पंखांच्या शिरांवर दवाचे बारीक थेंब. ऊन अंगावर येईपर्यंत तो उडत नाही, त्यामुळे वेळ भरपूर मिळाला. चाळीस फोटो काढले, मनासारखा एकही नाही. फार हळहळ वाटली.

एफ/४ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र मोठं ठेवून, डोळे लख्ख येतात, पंख धूसर. छिद्र लहान करून एफ/११ केलं की उजेड कमी पडून शटर १/६० सेकंदावर उतरतो आणि झुळकीने पातं हललं की सगळंच हलतं. शटर वेगवान ठेवायला आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) ३२०० केलं तर डोळ्यांवरची नाजूक जाळी दाण्यांत हरवते.

वाऱ्यात फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं) जमतं का? की डिफ्यूजर (उजेड मऊ करणारा पडदा) लावून फ्लॅश वापरू? त्याने सकाळच्या उजेडाचा मऊपणा जाईल, ही धास्ती आहे.

पातं तोडणं किंवा किड्याला हात लावणं मला मान्य नाही, तेवढं सांभाळून सुचवा.