जुन्या गोव्यातलं सेंट कॅथरीन चॅपेल: १५१० चं की १५५० चं?

चिरेबंदी:
सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या पश्चिमेला असलेल्या या चॅपेलची नोंद करायची आहे. कुठे १५१० लिहिलंय, कुठे १५५०. कोणती तारीख धरावी? आणि उघडा, म्हणजे गिलावा नसलेला, जांभा हेच मूळ रूप का?

पागोळी:
दोन्ही धरा, शिवाय तिसरीही. पोर्तुगीज सेनानी आफोन्सो द आल्बुकेर्कने २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा शहर घेतलं. तो संत कॅथरीनचा दिवस, म्हणून इथे तिच्या नावाचं प्रार्थनाघर झालं. १५५० मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर जोर्जे काब्रालने ते नव्याने बांधवलं. तिथला पोर्तुगीज शिलालेखच सांगतो की, ज्या दरवाज्यातून आल्बुकेर्क शहरात शिरला तो याच जागी होता, आणि त्या आठवणीसाठी काब्रालने १५५० मध्ये ही वास्तू उभारली. तिसरी तारीख १९५२. तेव्हा जुनेच दगड वापरून वास्तूची पुनर्बांधणी झाली. म्हणून चिऱ्यांचे थर किंवा सांधे मोजून सोळाव्या शतकाबद्दल काही ठरवू नका.

दर्शनी भागाच्या दोन्ही बाजूंना चौकोनी मनोरे, आत एकच वेदी, बाकी सगळं साधं. ही रेनेसाँची, म्हणजे युरोपातल्या प्रबोधनकाळाची, शिस्त. फरक बघायचा तर चार पावलं चालून फ्रान्सिस चर्चच्या दारापाशी जा. ते चर्च १६६१ चं, पण दार आधीच्या इमारतीचं, मॅन्युएलाइन (राजा मॅन्युएलच्या काळातल्या पोर्तुगीज) शैलीतलं, भरपूर कोरीव.

एक घोळ टाळा. से कॅथेड्रलही संत कॅथरीनच्याच नावाचं आहे (काम १५६२ ला सुरू). जुन्या कागदांत ‘सांता कातारिना’ दिसलं की आधी वास्तू कोणती ते पाहा.

गेरू_४:
जांभा उघडाच बरा की. दगडाला श्वास घेता येतो, आणि दिसतोही छान.

घाणीचा चुना:
दिसतो छान, टिकत नाही. हे चॅपेल मुळात चुन्याने गिलावलेलं होतं. जांभा सच्छिद्र असतो. पावसात त्यातली मऊ माती धुऊन जाते आणि लोहाची जाळी तेवढी उरते. चिऱ्याला भोकं पडतात ती त्यामुळे. गिलावा हे झिजण्यासाठीच दिलेलं कातडं, दर काही वर्षांनी बदलायचं. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुकार बाल्ताझार कास्त्रोने बॉम जेझूस बॅसिलिकेचा गिलावा काढला. ‘जुनं’ दिसावं म्हणून केलेल्या त्या कामाने भिंती कशा झिजल्या ते आज तिथे दिसतंच.

श्वासाचं म्हणाल तर चुन्यातूनही ओल बाहेर पडते. सिमेंटमधून पडत नाही. ती आत अडकते, क्षार पृष्ठभागाखाली साचतात आणि गिलावा चिऱ्याचा पापुद्रा घेऊनच सुटतो.

चिरेबंदी:
गिलाव्याची पद्धत थोडक्यात सांगाल? दुसऱ्या एका जांभ्याच्या कपेलासाठी (छोट्या चॅपेलसाठी) विचारतोय, संरक्षित नाही ते.

घाणीचा चुना:
सांधे दीड-दोन सेंटिमीटर खरवडा, सैल माती ब्रशने काढा, भिंत आदल्या दिवशी भिजवा. विझवून मुरवलेला चुना १ भाग, धुतलेली कणीदार वाळू ३ भाग. वाळू खारी नको. एका थरात १०-१२ मिलिमीटरपेक्षा जास्त देऊ नका. घाई करून एकदम जाड थर दिला की आकसून भेगा पडतात. पहिला थर ओला असतानाच ओरखडे काढा, दुसऱ्याला पकड मिळते. चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने हळूहळू घट्ट होतो, म्हणून ओलं गोणपाट लावून आठ-दहा दिवस उन्हापासून जपा. पावसाळा संपल्यावरच काम काढा. वर चुन्याची सफेदी. प्लास्टिक रंग लावलात तर वरची सगळी मेहनत वाया.

पागोळी:
खिडक्यांना कुठे शिंपल्यांच्या तावदानांचे अवशेष असतील तर फेकू नका. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत ती सरकवलेली असतात. पट्टी कुजली की शिंपला निसटतो, तेव्हा आधी लाकूड बदला. नवे शिंपले मिळवणं अवघड, ती जात कायद्याने संरक्षित आहे.

सेंट कॅथरीन चॅपेलला मात्र हात लावू नका, ते पुरातत्त्व खात्याकडे आहे. तिवई लावून फोटो काढायचे तरी आधी परवानगी घ्या.