मॉन्युमेंट व्हॅली: आरव्ही आत नेता येते का?

दगडवाटा: मेअखेरीस अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या पेज गावाहून मॉन्युमेंट व्हॅलीला जाऊन दोन रात्री राहायचं आहे. भाड्याची २५ फुटी आरव्ही (राहण्याची सोय असलेली मोटरगाडी) आहे. व्हॅलीतला १७ मैलांचा रस्ता तिनेच होईल का? मुक्काम कुठे करावा? नॅशनल पार्कचा वार्षिक पास चालतो ना?

घाटमाथा: पास चालत नाही. हे नावाहो नेशनचं, म्हणजे नावाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या स्वायत्त प्रदेशाचं, ट्रायबल पार्क आहे, प्रवेश माणशी ८ डॉलर. व्हिजिटर सेंटरपर्यंत डांबरी रस्ता आहे, तिथवर आरव्ही खुशाल न्या. खाली उतरणाऱ्या व्हॅली ड्राइव्हवर, म्हणजे त्या १७ मैलांच्या रस्त्यावर मात्र आरव्ही आणि मोटरसायकल दोन्हींना बंदी. सुरुवातीलाच खडबडीत, वळणांचा उतार, पुढे भुसभुशीत वाळू. आरव्हीचा बराच भाग मागच्या चाकांच्या मागे लोंबतो. खड्ड्यातून वर येताना तोच टेकतो आणि सांडपाण्याचा पाइप आधी जातो. शिवाय भाड्याच्या करारात कच्चा रस्ता बहुतेक वर्ज्य असतो, म्हणजे भुर्दंड तुमचाच. नावाहो गाइडच्या उघड्या गाडीतून जा. खासगी गाड्यांना बंद असलेले भागही त्यात बघून होतात. पायी हिंडायचं तर वेस्ट मिटन या हातमोज्यासारख्या दिसणाऱ्या सुळक्याला वळसा घालणारी वाइल्डकॅट ट्रेल गाइडशिवाय करता येते.

निवडुंग: मुक्कामाचं म्हणाल तर कड्यावरच्या 'द व्ह्यू' कॅम्पग्राउंडमधून मिटन्स थेट समोर दिसतात, पण आरव्हीला वीज-पाण्याची जोडणी नाही. हायवेपलीकडे युटा राज्यात 'गोल्डिंग्ज' कॅम्पग्राउंडला सगळ्या जोडण्या आहेत. माझं मत: पहिली रात्र कड्यावर, दुसरी गोल्डिंग्जला.

कड्यावर जाताना पाण्याची टाकी भरून, सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करून जा. फ्रिज गॅसवर ठेवा. उंची ५,००० फुटांवर, त्यामुळे रात्री हीटर लागू शकतो. गॅसचा असला तरी त्याचा पंखा बॅटरीवर ७-८ अँपिअर खातो. दहा तासांत निम्मा वेळ चालला तरी ३५-४० अँपिअर-तास गेले. १०० अँपिअर-तासांच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीतले निम्मेच वापरायचे असतात, तेव्हा दिवे आणि चार्जिंग जपून.

घाटमाथा: घड्याळाचा घोळ राहिलाच. उन्हाळ्यात नावाहो नेशन घड्याळ एक तास पुढे करतं, उरलेलं अ‍ॅरिझोना करत नाही. पेजला दहा तेव्हा व्हॅलीत अकरा. फोनवरची वेळ मधेच उडी मारते, म्हणून टूरची वेळ ठरवताना 'कुठल्या घड्याळाने' ते विचारा. पेजजवळची अँटिलोप कॅन्यन ही घळ नावाहो जमिनीवर असूनही तिथल्या टूर पेजच्या वेळेने चालतात, हे आणखी एक त्रांगडं.

दारू नावाहो हद्दीत जवळ बाळगणंही बेकायदा, ड्रोनलाही मनाई. इंधन वाटेतल्या कायेंटा गावात भरा.

निवडुंग: पुढे उत्तरेला जाणार असाल तर जीपीएस मोकी डगवे सुचवेल. तीन मैल कच्चा घाट, चढ ११ टक्क्यांपर्यंत. आरव्हीने नको. ब्लफ गावावरून जा.